लेझर प्रिंटरचा फ्यूझर आणि घरी बनणारे पीसीबी: पार्श्वभूमी

पीसीबी म्हणजे तांब्याच्या पातळ रेघांनी, म्हणजे ट्रॅकनी, सुटे भाग जोडणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. टोनर म्हणजे लेझर प्रिंटरमधली रंग मिसळलेली प्लॅस्टिकची बारीक भुकटी. कागदावर छापलेले चित्र तांब्यावर पालथे ठेवून तापवले आणि ती वितळून तांब्याला चिकटली, की तांबे विरघळवणारे फेरिक क्लोराइड तिच्याखाली पोचत नाही, आणि तेवढे ट्रॅक उरतात. टेबलावर मावणारे ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके छापणारे) लेझर प्रिंटर १९८४ पासून मिळू लागले, आणि या गुणाचा उपयोग घरच्या घरी करणे शक्य झाले. ३०० डीपीआयला ठिपका साधारण ०.०८५ मिमीचा, म्हणजे ०.२५ मिमीच्या ट्रॅकला तीन ठिपके. छाप पालथी पडत असल्याने खालच्या थराचे, वरून पाहिल्यासारखे काढलेले चित्र जसेच्या तसे छापायचे आणि वरच्या थराचे उलटवून, ही पद्धत आजही तीच आहे.

सुरुवातीला इस्त्री वापरली जाई. तिचा दाब हाताप्रमाणे बदलतो. मध्ये टोनर पसरून शेजारचे ट्रॅक जुळतात, तर कडेचे उचलले जातात. जुने प्रिंटर भंगारात निघू लागले तेव्हा लक्ष फ्यूझरकडे वळले, कारण टोनर वितळवून दाबणे हेच त्याचे मूळ काम.

त्या पिढीच्या फ्यूझरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची पोकळ नळी, आत हॅलोजन दिवा आणि खाली स्प्रिंगने दाबलेला सिलिकॉन रबराचा रोलर असे. कागदाची जाडी ०.१ मिमी, नेहमीच्या एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डाची १.६ मिमी. त्यामुळे स्प्रिंग सैल करावी लागते, किंवा सरळ ०.८ मिमीचा बोर्ड घ्यावा. तांबे उष्णता झटकन ओढून घेते, म्हणून मूळ मोटर काढून हळू फिरणारी गिअर मोटर लावतात आणि बोर्ड सहा-आठ वेळा फिरवतात. १७० अंशांच्या आसपास काम होते. त्याहून फार वर, फार वेळ ठेवल्यास बोर्ड वाकतो.

सर्वांत मोठा वाद थर्मल फ्यूजचा, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणाऱ्या भागाचा. तो सारखा उडतो म्हणून काढून तार जोडा, असा सल्ला अनेक वर्षे फिरत राहिला. तो चुकीचा आणि धोकादायक आहे. फ्यूज उडण्यामागे कारण असते: तापमान मोजणारा थर्मिस्टर रोलरच्या मधल्या भागावर असेल आणि अरुंद, थंड बोर्ड मधूनच जात असेल, तर तिथले तापमान पडते. कंट्रोलर दिवा पूर्ण शक्तीने लावतो, आणि बोर्डाचा स्पर्श नसलेली टोके वाजवीपेक्षा तापतात. तापलेला रोलर थांबला तरीही हेच घडते. उपाय साधे आहेत. बोर्ड आधी गरम करून घ्यावा, दोन फेऱ्यांच्या मध्ये रोलर रिकामा फिरू द्यावा, मोटर बंद पडली की दिव्याचा पुरवठाही तुटेल अशी जोडणी करावी. फ्यूज जागेवरच राहावा. बाहेरून आलेल्या यंत्रांत ११० व्होल्टचा दिवाही निघतो. तो २३० वर जोडला तर सुमारे चौपट शक्ती खेचतो, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय जोडणी करू नये.

पुढे प्रिंटर क्षणात तापावेत म्हणून अनेक कंपन्यांनी जाड रोलर काढून सिरॅमिकची पट्टी आणि तिच्यावर फिरणारी पॉलिइमाइडची पातळ नळी आणली. विजेची बचत झाली, पण या कामाला हा फ्यूझर निरुपयोगी. बोर्डाच्या कापलेल्या कडेने नळी फाटते आणि दाब वाढवला तर पट्टी तडकते. म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ तांब्याचे बोर्ड आणि फेरिक क्लोराइड सहज मिळते, पण दिव्याचा चांगला फ्यूझर जुन्या जड यंत्रांतच शोधावा लागतो.

अलीकडची धडपड लेझर युनिटभोवती आहे: टोनरऐवजी किरणानेच बोर्डावर चित्र उमटवायचे. प्रिंटरचा मूळ लेझर बहुधा ७८० नॅनोमीटरचा, काही मिलिवॅटचा; फोटोरेझिस्टवर, म्हणजे बोर्डावरच्या प्रकाशाने बदलणाऱ्या थरावर, त्याचा काही परिणाम होत नाही. त्याच्या जागी ४०५ नॅनोमीटरचा डायोड बसवतात. पण लेन्स मूळ तरंगलांबीसाठी घडवलेली असल्याने फोकस सरकतो आणि बोर्डाची उंची पुन्हा जुळवावी लागते. वेळेचाही हिशेब हवा. दर चौ. सेंमीला ५० मिलिज्यूल लागणारी फोटोरेझिस्टची फिल्म आणि १० × १० सेंमीचा बोर्ड घेतला तर ५ ज्यूल लागतात. २० मिलिवॅटच्या किरणाला त्यासाठी किमान २५० सेकंद लागतील. शिवाय ए४ रुंदीच्या झोताचा निम्म्याहून अधिक भाग बोर्डाबाहेर जातो, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट वेळ धरावा. युनिटचे झाकण उघडून ४०५ चा डायोड चालवताना त्याच तरंगलांबीचा संरक्षक चष्मा लागतोच, कारण फिरत्या बहुभुज आरशामुळे किरण कुठून बाहेर पडेल ते डोळ्यांना कळत नाही.