विषयाध्यापनात विद्यार्थी-लॅपटॉप
प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र लॅपटॉप देऊन भाषा, गणित, विज्ञान, इतिहास अशा सर्व विषयांच्या रोजच्या तासांत त्याचा उपयोग करण्याची अध्यापनपद्धती. संगणककक्षातल्या साप्ताहिक तासाहून ही पद्धत मुळातच वेगळी आहे. तेथे संगणक शिकायचा असतो, येथे संगणकाच्या साहाय्याने विषय शिकायचा असतो.

वहीसारखा बरोबर नेता येईल अशा मुलांच्या संगणकाची कल्पना अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या नावाने मांडली. मेलबर्नमधील मेथडिस्ट लेडीज कॉलेज या मुलींच्या शाळेत १९९० मध्ये विद्यार्थिनींच्या हाती लॅपटॉप आले. अमेरिकेतील मेन राज्याने २००२ मध्ये सातवीच्या सर्व सरकारी वर्गांसाठी ही योजना सुरू केली, तर उरुग्वेने २००७ पासून ‘प्लान सेबाल’द्वारे ती देशभर नेली.

सर्वांत भरीव उपयोग भाषेच्या तासाला होतो. निबंध कागदावर सुधारायचा म्हणजे तो सगळा पुन्हा उतरवून काढायचा; त्यामुळे बहुतेक मुले पहिल्याच मसुद्यावर थांबतात. पडद्यावर परिच्छेद हलवता येतो, वाक्य मोडून पुन्हा बांधता येते आणि लेखन चालू असतानाच शिक्षकांचा शेरा शेजारी उमटतो. लेखन म्हणजे पुनर्लेखन, हे मुलांना इथे करता करता कळते. नुसता हस्तलिखित निबंध टंकित करून घेतला, तर यातले काहीच घडत नाही.

गणितात ‘जिओजेब्रा’सारख्या, पडद्यावर आकृती काढून ती हलवता येणाऱ्या साधनाने त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. त्यातून अनुमान सुचते. सिद्धता मात्र तर्कानेच मांडावी लागते, आणि ही सीमा शिक्षकांनी स्पष्ट करायला हवी. विज्ञानात तापमानाचा संवेदक जोडला की निवणाऱ्या पाण्याचा आलेख प्रयोग चालू असतानाच दिसू लागतो. तरीही निदान एक आलेख मुलांनी हाताने काढलेला असावा, एरवी अक्षांवरचे आकडे त्यांच्यासाठी मुकेच राहतात. इतिहास-भूगोलात जुने-नवे नकाशे आणि जनगणनेचे तक्ते थेट चाळता येतात.

यंत्रे वाटल्याने शिक्षण आपोआप सुधारत नाही, हे पेरूमध्ये दिसले. तेथील लॅपटॉप मिळालेल्या ग्रामीण शाळांच्या २०१२ च्या मूल्यमापनात गणित व भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही. सर्वसाधारण आकलनक्षमतेत मात्र थोडी सुधारणा दिसली. विषयाच्या पाठाशी यंत्राची सांगड घालणे शिक्षकांवर सोपवायचे आणि त्यासाठी त्यांना पुरेसे प्रशिक्षण द्यायचे नाही, ही अशा योजनांतली सर्वांत महागडी चूक होय. दुसरी अडचण लक्ष विचलित होण्याची. व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्यांचे आकलन तर घटतेच, पण त्यांचा पडदा दिसणाऱ्या शेजाऱ्यांचेही घटते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विद्यापीठीय विद्यार्थ्यांवरील प्रयोगांत आढळले. म्हणून चर्चा किंवा स्पष्टीकरण चालू असताना झाकणे मिटवण्याची शिस्त उपयोगी ठरते.

एकच काम अनेक विषयांतून पुढे नेता येणे, हे या पद्धतीचे खास बलस्थान. विज्ञानाच्या तासाला नोंदवलेल्या पावसाच्या मोजमापांची सरासरी आणि विचलन गणितात काढायचे, त्याच आकड्यांची भूगोलात नकाशाशी तुलना करायची आणि अहवाल भाषेच्या तासाला लिहायचा. यासाठी त्या चारही शिक्षकांना एकत्र बसून नियोजन करता येईल असा तास वेळापत्रकात राखून ठेवावा लागतो.