छोट्या ट्रॅक्टरला सोंड केवढी लावावी?

लांज्याजवळच्या आमच्या गावी मावसभावाने गेल्या वैशाखात २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे लावायचा बॅकहो घेतला. बॅकहो म्हणजे जेसीबीला मागच्या बाजूला असते ती खोदायची सोंड, आकाराने लहान. हापूसच्या ६० कलमांचे खड्डे काढायचे होते. मोठा जेसीबी पाणंदीतून आत येईना, एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला काजूची झाडं. गडी मिळत नव्हते. म्हणून हा घाट घातला.

पहिल्याच दिवशी बागेच्या चढणीवर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेली. फार नाही, वीतभर. भावाने स्टिअरिंग फिरवलं, चाकं हवेतच वळली आणि ट्रॅक्टर सरळ गडग्याकडे निघाला. ब्रेक वेळेवर लागला, कुणाला काही झालं नाही. गडग्याचे चार चिरे तेवढे खाली आले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण खरेदीला मी सोबत गेलो होतो. दुकानात आम्ही एकच गोष्ट विचारली होती: एवढा बॅकहो चालवायला २४ एचपी पुरेल ना? पुरेल, असं उत्तर मिळालं, आणि ते खरंही होतं. विचारायला हवं होतं ते वेगळंच.

एचपी का पुरतो ते आधी बघू. बॅकहो तेलाच्या दाबावर चालतो. तेलाचा दाब आणि दर मिनिटाला वाहणारं तेल, या दोहोंचा गुणाकार म्हणजे लागणारी शक्ती. दाब १६० बार आणि पंपाचं तेल मिनिटाला २५ लिटर धरलं, या आकाराच्या यंत्राला हे आकडे साजेसे आहेत, तर गुणाकार येतो ६.७ किलोवॅट, म्हणजे ९ एचपी. गळती-घर्षणाचे दोनतीन एचपी वर धरा. चोवीसातले निम्मे उरतातच.

आता जोर किती निघतो? बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. त्याचं त्यावरचं लेखन १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. ६५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये पिस्टनचं क्षेत्रफळ ३३ चौरस सेंटिमीटर भरतं. १६० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १६३ किलोचा रेटा. एवढ्याशा सिलिंडरमधून ५,४०० किलोचा जोर निघतो! बकेटच्या, म्हणजे सोंडेच्या टोकाच्या खोऱ्याच्या, दातापर्यंत पोचेतो तरफेच्या हिशेबात त्यातला चौथा हिस्सा उरला असं धरलं, तरी १,३५० किलो. कॅटलॉगमध्ये ‘खोदण्याची ताकद’ म्हणून ठळक अक्षरांत छापलेला असतो तो हा आकडा.

पण दात मातीला जेवढा खेचतो, तेवढीच माती ट्रॅक्टरला खेचते. भावाच्या ट्रॅक्टरचं वजन ८०० किलो, बॅकहोचं ४५०. एकूण १,२५०. कोरड्या घट्ट जमिनीवर वजनाच्या साठ टक्क्यांइतकी पकड मिळते असं धरलं, तर ट्रॅक्टर ७५० किलोचा ओढा सहन करतो. त्यापुढे माती निघायची थांबते आणि ट्रॅक्टरच खड्ड्याकडे सरकू लागतो. जॅकचे पाय, म्हणजे खोदताना बॅकहोच्या दोन बाजूंना जमिनीवर टेकवायचे आधार, जमिनीत रुतले तर थोडी मदत होते, पण १,३५० किलोचा जोर तसाही वापरता येत नाही. मोठ्या जेसीबीचं इंजिन आपण कौतुकाने ऐकतो, पण त्याची खरी मिजास त्याच्या साधारण साडेसात टन वजनात आहे. खोदकामात इंजिन तेलाला ढकलतं, आणि मातीशी झुंजतं ते वजन.

चाकं का उचलली गेली, याचा हिशेब मी त्या रात्री घराच्या पडवीत बसून वहीत मांडला. शाळेतली तरफ, दुसरं काही नाही. ट्रॅक्टरच्या ८०० किलोपैकी पुढच्या चाकांवर साधारण ३२० किलो येतात. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर दीड मीटर. बॅकहो मागच्या आसाच्याही मागे लटकतो, त्याचं वजन आसापासून सुमारे एक मीटरवर एकवटलंय असं समजा. मागचा आस हा टेकू. ४५० किलो गुणिले १ मीटर, भागिले दीड मीटर: ३०० किलो. म्हणजे बॅकहो नुसता अडकवल्याने पुढच्या चाकांवरचं ३०० किलोचं वजन गेलं. उरले २०. तांदळाच्या एका लहान गोणीएवढ्या भारावर तो ट्रॅक्टर वळायचा होता! चढण लागली, भार आणखी मागे गेला आणि तेही २० किलो संपले.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा आहे: एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर हवा, तरच स्टिअरिंग ऐकतं. आमच्या बाबतीत तो साठाव्या हिश्शाच्या आसपास होता. पुढे वजनं बांधून हे सावरता आलं असतं का? हिशेब केला तर पुढच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे जवळजवळ १९० किलो लोखंड टांगावं लागलं असतं. आणि तरीही मागच्या आसावर साडेअकराशे किलोंच्या वर भार राहिला असता. मुळात तिथे असतात ४८० किलो. टायर, बेअरिंग, आसाची नळी या सगळ्यांवर जन्मभर दुपटीहून जास्त ओझं. म्हणून मी म्हणेन, पुढची वजनं चटणीसारखी असावीत, जेवण त्यांच्यावर होत नाही.

माणूस मोठा बॅकहो का घेतो? जास्त माती निघेल म्हणून. हा समज किती खोल रुजलेला आहे ते मी स्वतःवरून सांगू शकतो. १६३८ साली गॅलिलिओने दाखवलं की एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी वाढवली तर वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून हत्तीचे पाय हरणाच्या पायांची मोठी नक्कल नसतात, जाडीने फार जास्त असतात. आपल्या सोंडेलाही हे लागू आहे. बॅकहो सव्वापट मोठा केला तर वजन जवळजवळ दुप्पट होतं. शिवाय ते वजन सव्वापट लांबून लटकतं, त्यामुळे ट्रॅक्टरला उलथवणारा भार जवळजवळ अडीचपट होतो. नजरेला मात्र तो थोडासाच मोठा दिसतो. दुकानाच्या आवारात दोन्ही शेजारी ठेवले होते, तेव्हा आम्हालाही तसंच दिसलं.

आणि माती? बकेट दुप्पट मावेल इतकी मोठी झाली. पण सिलिंडरही सव्वापट रुंद आणि सव्वापट लांब झाले, म्हणजे ते भरायला तेल दुप्पट लागणार. पंप तोच, मिनिटाला २५ लिटर. दुप्पट तेलाला दुप्पट वेळ. बकेट दुप्पट, वेळही दुप्पट, तासाला निघणारी माती तेवढीच! मोठ्या सोंडेने पोच वाढते, खोली वाढते. काम मात्र पंपाच्या धारेने ठरतं. हे गणित समजलं तेव्हा मला वहीतलं ते पान पुन्हापुन्हा वाचावंसं वाटलं.

मग खोली तरी किती हवी? आंब्याच्या कलमाला एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा घेण्याची आपल्याकडे रीत आहे. पाण्याची पाइपलाइन दोनतीन फुटांवर जाते. शोषखड्डा, गटार, चर, बागेतली बहुतेक कामं सव्वा मीटरच्या आत संपतात. अमेरिकेत मिनेसोटासारख्या राज्यात थंडीत जमीन खोलवर गोठते. घराचा पाया तिथल्या नियमाप्रमाणे भागानुसार ४२ किंवा ६० इंच खाली न्यावा लागतो, त्यामुळे तिथल्या माणसाला खोलीचा सोस असणं स्वाभाविक आहे. कोकणात जमीन गोठत नाही. शिवाय कॅटलॉगमधली ‘कमाल खोली’ बकेट एका विशिष्ट कोनात, एकाच टोकाला टेकते तिथली असते. सपाट तळाचा खड्डा हवा तर त्यातून वीतभर वजा करूनच धरा. दीड मीटरपेक्षा खोल चर खणला तर त्यात आधार न देता माणूस उतरवू नका, बाजूची माती क्षणात ढासळते आणि छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट, बॅकहो ट्रॅक्टरला जोडतात कसा. नांगर, रोटाव्हेटर आपण तीन बिंदूंवर जोडतो: खाली दोन लिफ्टचे हात, वर एक टॉप लिंक. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने ही जोडणी रूढ केली. नांगर जमिनीत अडला की हलका ट्रॅक्टर मागे उलटायचा आणि चालवणारा खाली सापडायचा. फर्ग्युसनने अशी रचना केली की नांगराचाच रेटा टॉप लिंकमधून पुढे येऊन ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबेल. फार सुंदर कल्पना आहे ती, आणि शेतीत तिने माणसं वाचवली.

पण ती नांगरासाठी केलेली आहे. लिफ्टचे हात वर उचलतात, खाली दाबत नाहीत. वरच्या दिशेने ते मोकळेच असतात. बॅकहोचं बकेट जमिनीवर दाबलं की अख्खा बॅकहो त्या हातांसकट वर उठू पाहतो. मूळ किंवा दगड अडकला, चालवणाऱ्याने जोराने खेचलं, की सगळा सांगाडा ट्रॅक्टरच्या सीटकडे दुमडू शकतो. मधे माणूस असतो.

दुसरा धोका हळूहळू येतो. छोट्या ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, क्लचचं हाऊसिंग, गिअरबॉक्स, मागचा आस हे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, तोच त्याचा कणा. नुसत्या मागच्या टोकाला बॅकहो बांधून हिसके देत राहिलं तर प्रत्येक हिसका त्या ओतीव लोखंडाच्या कण्यातून जातो. ओतीव लोखंड दाब छान सोसतं, ताण आणि वाक फारसा सोसत नाही. एक दिवस हाऊसिंग तडकतं. एका गॅरेजमध्ये मी असा ट्रॅक्टर पाहिला आहे: तळाशी तेलाची ओली रेघ, आणि बोट फिरवलं तर नखाला लागणारी केसाएवढी चीर. दुरुस्ती म्हणजे ट्रॅक्टर मधोमध दोन तुकड्यांत उघडायचा.

यावर इलाज आहे सबफ्रेम. ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढच्या आधारापासून मागच्या आसापर्यंत दोन लोखंडी पट्ट्या जातात आणि बॅकहो त्यांनाच जोडला जातो. हिसका कण्याला न लागता पट्ट्यांतून जातो. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेली सबफ्रेम मिळत नसेल, तर मी त्या ट्रॅक्टरला बॅकहो लावू नका असंच सांगेन. आकाराचा प्रश्न त्यानंतरचा.

तेलाबद्दल थोडं. ट्रॅक्टरच्या लिफ्टचं तेल बॅकहोला अपुरं पडतं, म्हणून पीटीओवर, म्हणजे इंजिनची शक्ती बाहेर देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, वेगळा पंप आणि वेगळी टाकी देतात. बकेट अडलं की पंपाची सगळी शक्ती रिलीफ व्हॉल्व्हमधून, म्हणजे दाब फार वाढला की तेलाला वाट देणाऱ्या झडपेतून, उष्णता होऊन तेलात उतरते. टाकी लहान असेल तर मे महिन्यात तासाभरात तेल तापतं, पातळ होतं आणि सोंड सुस्तावते. टाकी मोठीच घ्या.

भावाने तो बॅकहो परत केला, नुकसान सोसून. नवा घेतला २८० किलोचा, सबफ्रेमवर बसणारा, फूटभर रुंदीच्या बकेटचा. पुढे ६० किलोची वजनं बांधली. बॅकहो लहान असल्याने त्याचं वजन आसाच्या जवळही आलं. आता पुढच्या चाकांवर २४० किलोंच्या वर भार राहतो, पाचव्या हिश्शापेक्षा जास्त. बकेट अरुंद असण्याचाही फायदा झाला: तोच जोर निम्म्या रुंदीच्या धारेवर आला की दर सेंटिमीटरला दुप्पट बोचतो, आणि मुरमात हेच लागतं. एका खड्ड्याला साधारण ३५ बकेटं, अठरा-वीस मिनिटं.

शेवटचे सात खड्डे वरच्या सड्यावर होते, उघड्या कातळावर. तिथे दात किंचाळत घसरले, व्हॉल्व्ह शिट्टी घालायला लागला, जॅक टेकलेला ट्रॅक्टर हळूहळू मागे सरकला. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने मलबारात या दगडाच्या विटा कापताना पाहिल्या आणि वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून १८०७ साली त्याचं लॅटेराइट असं नाव छापून आणलं. आपण त्याला जांभा म्हणतो. जमिनीत असताना तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून कातळाची वरची कवची कठीण आणि खालचा भाग त्यामानाने नरम. भावाने ट्रॅक्टर बाजूला घेतला. दोन गड्यांनी पहारीने कवची फोडली, दीड फूट खाली रंग बदलला, पिवळसर लाल ओल दिसली, आणि तिथून पुढे सोंड पुन्हा कामाला लागली.