घरगुती राउटर व फायरवॉल

घरगुती राउटर व फायरवॉल : घरातील संगणक, मोबाइल, टीव्ही, कॅमेरे इ. उपकरणांचे स्थानिक जाळे सेवादात्याच्या इंटरनेट जोडणीला जोडणारे व दोहोंमधील रहदारीला नियम लावणारे साधन. बाजारात राउटर म्हणून मिळणाऱ्या पेटीत राउटिंग (रहदारीला मार्ग दाखवणे), पत्ता-रूपांतर (नॅट; घरातील अनेक पत्ते एका बाह्य पत्त्यामागे ठेवणे), पत्तेवाटप (डीएचसीपी), वाय-फाय प्रक्षेपण व फायरवॉल (नको ती रहदारी अडवणे) ही कामे एकत्र असतात. फायबर जोडणीत प्रकाशीय संकेतांचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे ओएनटीही बहुधा त्याच पेटीत असते. यांपैकी नॅट व फायरवॉल ही कामे सर्रास एकच मानली जातात. आयपीव्ही६ या नव्या इंटरनेट-पत्ता पद्धतीच्या प्रसारानंतर हा गैरसमज धोक्याचा ठरला आहे.

उगम : पहिली फायरवॉल कोणती, याबद्दल एकमत नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमनंतर या विषयाला निकड आली, इतके सर्वमान्य आहे. एका मतानुसार डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन (डीईसी) या संगणक कंपनीतील जेफ्री मोगल यांची स्क्रीनडी ही पॅकेट-गाळणी (शोधनिबंध १९८९) आद्य होय. ही गाळणी प्रत्येक पॅकेट (माहितीचा लहान गठ्ठा) सुटे पाहून पत्ता व पोर्ट (सेवेचा क्रमांक) यांवरून निर्णय घेई. दुसरे मत बेल लॅब्जमधील डेव्हिड प्रेसोटो व हॉवर्ड ट्रिकी यांच्या १९८९-९० च्या सुमाराच्या जोडणी-पातळीवरील प्रवेशद्वारांना अग्रमान देते. तिसरे मत विक्रीयोग्य उत्पादन हा निकष लावून मार्कस रॅनम यांच्या डीईसी सीलकडे (सु. १९९१-९२) बोट दाखवते. घरगुती उपकरणाच्या दृष्टीने मात्र खरी पूर्वज जोडणीची स्थिती लक्षात ठेवणारी फायरवॉल मानणे अधिक सयुक्तिक आहे. ती पद्धत चेक पॉइंट कंपनीच्या फायरवॉल-१ (१९९४) या उत्पादनाने रूढ केली आणि लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीच्या २.४ आवृत्तीतील (जानेवारी २००१) नेटफिल्टर या पॅकेट-गाळणीमुळे ती स्वस्त राउटरांत पोहोचली. नेटफिल्टरची उभारणी मुख्यतः रस्टी रसेल यांची.

नॅटची वंशावळ वेगळी आहे. पत्त्यांच्या पुनर्वापराची कल्पना पॉल त्सुचिया (पुढे फ्रान्सिस) व टोनी एंग यांनी जानेवारी १९९३ मध्ये मांडली. मे १९९४ च्या आरएफसी १६३१ या दस्तऐवजात (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयक क्रमांकित दस्तऐवज) एगेवांग व फ्रान्सिस यांनी तिचा आराखडा दिला व तो तात्पुरता उपाय असल्याचे नमूद केले. हेतू पत्त्यांची टंचाई निभावण्याचा होता. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ व १९२.१६८.०.०/१६ हे खासगी पट्टे (केवळ आतील जाळ्यात वापरायचे पत्ते) निश्चित केले. लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर (डिसेंबर २००२) लिनक्सवर चालत असल्याने त्याची संहिता २००३ मध्ये खुली करावी लागली व तीवर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीच्या खुल्या प्रणालीचा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या २२.०३ आवृत्तीपासून नियम एनएफटेबल्स या लिनक्सच्या नव्या नियम-पद्धतीच्या रूपात लिहिले जातात.

कार्य : आतून बाहेर जाणाऱ्या पहिल्या पॅकेटाबरोबर राउटर जोडणी-तक्त्यात नोंद करतो. तीत दोन्हीकडील पत्ते, पोर्ट व प्रोटोकॉल (संवादाची पद्धत) असतात. येणारे पॅकेट या नोंदीशी जुळले तर आत सोडले जाते, न जुळल्यास टाकले किंवा नाकारले जाते. लिनक्समध्ये प्रस्थापित टीसीपी (पोच घेऊन माहिती पाठवणारा प्रोटोकॉल) जोडणीची नोंद मुळात ४,३२,००० सेकंद म्हणजे पाच दिवस राहते, यूडीपीची (पोच न घेणारा प्रोटोकॉल) एकतर्फी नोंद केवळ ३० सेकंद. म्हणूनच इंटरनेट-दूरध्वनीवर ‘थोड्या वेळाने येणारे कॉल वाजत नाहीत’ अशी तक्रार येते. उपाय म्हणजे उपकरणाचा पुनर्नोंदणी-काळ (सर्व्हरकडे पुन्हा हजेरी लावण्याचा अवधी) यूडीपी मुदतीपेक्षा कमी ठेवणे.

नॅट असले की फायरवॉल आपोआप झाली, हे मत जुन्या माहितीपुस्तिकांत आढळते. नॅटमुळे नोंद नसलेल्या पॅकेटाला आतील पत्ता सापडत नाही, इतपत ते खरे आहे. परंतु राउटरच्या स्वतःच्या सेवा (सेटिंगचे ॲडमिन पान, सेवादात्याची दूरस्थ-व्यवस्थापन पद्धत टीआर-०६९) बाह्य पत्त्यावरही ऐकत असू शकतात आणि तेथे नॅटचा काही उपयोग नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइशे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले, ते ७५४७ या व्यवस्थापन-पोर्टवर मिराई कुळातील (उपकरणे ताब्यात घेणाऱ्या) घातक प्रोग्रॅमने केलेल्या हल्ल्यामुळे. बाहेरून येणारे सर्व काही मुळातच बंद ठेवणारा नियम हाच संरक्षणाचा पाया होय.

मांडणी : प्रथम ओएनटी राउटिंग स्थितीत ठेवायचे की ब्रिज स्थितीत (रहदारी जशीच्या तशी पुढे पाठवणे), हे ठरवावे. स्वतंत्र राउटर लावायचा असल्यास ब्रिज श्रेयस्कर. सेवादात्याकडून पीपीपीओईचे (पासवर्ड देऊन इंटरनेटला जोडण्याची पद्धत) वापरकर्तानाव, पासवर्ड व व्हीलॅन (आभासी जाळे) क्रमांक आधी लिहून घ्यावेत. व्हीलॅन चुकल्यास ओएनटीचा दिवा हिरवा दिसतो, पण जोडणी होत नाही. ओएनटीवर एलओएसचा (संकेत येत नसल्याचा) लाल दिवा असेल तर दोष फायबरमध्ये असतो व सेटिंग बदलून काही साधत नाही. फायबरची वळणे सैल ठेवावीत. हिरव्या टोकाच्या जोडणीत निळे टोक बसते, पण दोहोंच्या पृष्ठभागांचा कोन वेगळा असल्याने संकेत क्षीण होतो. ब्रिज शक्य नसल्यास दोन राउटरांचे पट्टे भिन्न ठेवावेत. दोन्हीकडे १९२.१६८.१.० असेल तर आतल्या राउटरला बाहेरचा मार्गच कळत नाही.

ॲडमिन पासवर्ड बाह्य तार लावण्यापूर्वी बदलावा आणि जोडणी होताच फर्मवेअर (राउटरातील अंगभूत प्रणाली) अद्ययावत करावे. दूरस्थ व्यवस्थापन व यूपीएनपी बंद करावे. यूपीएनपीमुळे घरातील कोणतेही उपकरण, संसर्ग झालेला कॅमेरादेखील, मालकाला न विचारता पोर्ट उघडू शकते. डब्ल्यूपीएसची (पासवर्डाशिवाय वाय-फाय जोडण्याची सोय) आठ अंकी पिनही बंद हवी. आठवा अंक तपासणीचा असतो व उरलेले सात ४ आणि ३ अशा दोन भागांत स्वतंत्रपणे पडताळले जातात. त्यामुळे एक कोटीऐवजी फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष डिसेंबर २०११ मध्ये उघड झाला. वाय-फायच्या सुरक्षा-पद्धतींपैकी डब्ल्यूपीए३, जुनी उपकरणे असल्यास डब्ल्यूपीए२-एईएस निवडावी, टीकेआयपी ही जुनी पद्धत नको. २.४ गिगाहर्ट्‌झवर २० मेगाहर्ट्‌झ रुंदी व १, ६ किंवा ११ वी वाहिनी वापरावी.

पत्तेवाटपाचा पट्टा .१०० ते .१९९ असा मर्यादित ठेवून छपाईयंत्र, कॅमेरा-रेकॉर्डर इत्यादींना त्याबाहेरचे पत्ते मॅक पत्त्यानुसार (उपकरणाचा ओळख-क्रमांक) राखून द्यावेत. कॅमेरे, स्मार्ट दिवे व पाहुण्यांचे मोबाइल वेगळ्या जाळ्यात टाकावेत. ओपनडब्ल्यूआरटीत त्यासाठी ‘गेस्ट’ झोन करून त्यातून राउटरकडे येणारी रहदारी नाकारतात व फक्त वॅनकडे (बाहेरील इंटरनेटकडे) जाणारी सोडतात. येथे नेहमीची चूक म्हणजे डीएचसीपी (यूडीपी ६७) व डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा; ५३, टीसीपी व यूडीपी) यांना अपवाद न देणे. पहिला अपवाद राहिला तर मोबाइल ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ यावरच अडकतो व विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेते. दुसरा राहिला तर पत्ता मिळतो, पण संकेतस्थळे उघडत नाहीत.

सामान्य दोष : पीपीपीओईचे शीर्षक ८ बाइट घेत असल्याने १५०० ऐवजी १४९२ बाइटांचेच पॅकेट जाते. हे जुळवले नाही आणि मधल्या कोणी आयसीएमपी (जाळ्यातील अडचणी कळवणारे) संदेश अडवले, तर पिंग (पोच-चाचणी) लागतो, लहान पाने उघडतात, मोठी पाने मात्र अर्ध्यावर लटकतात. तपासण्यासाठी ‘तुकडे करू नये’ ही खूण लावून १४६४ बाइटांचा पिंग पाठवावा (२८ बाइट शीर्षकाचे धरून १४९२). तो जाऊन १४६५ चा अडला तर मोजमाप बरोबर आहे. राउटरात एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपी पॅकेटाचा आकार आपोआप मर्यादित करणे) चालू केल्यास टीसीपीपुरती अडचण सुटते.

पोर्ट-फॉरवर्डिंग (बाहेरील पोर्ट आतील उपकरणाकडे वळवणे) करूनही कॅमेरा बाहेरून दिसत नसेल तर नियम चाळण्याआधी राउटरचा वॅन पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला (आरएफसी ६५९८, एप्रिल २०१२) असेल तर सेवादात्यानेच दुसरे नॅट लावलेले असते. अशा वेळी स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा, आयपीव्ही६ वापरावे किंवा बाहेरील सर्व्हरपर्यंत व्हीपीएन (सांकेतिक खासगी मार्ग) न्यावे. सार्वजनिक पत्ता असला तरी कॅमेऱ्याचे पोर्ट थेट उघडण्यापेक्षा राउटरवरील वायरगार्ड या व्हीपीएनचे एकच यूडीपी पोर्ट उघडणे केव्हाही चांगले.

भारनियमन असलेल्या भागांत आणखी एक दोष दिसतो. वीज येताच राउटर जोडणी मागतो, परंतु सेवादात्याकडे आधीचे सत्र अजून जिवंत असते व नवीन सत्र नाकारले जाते. पासवर्ड चुकल्याचा संदेश दिसला तरी तो बदलू नये. काही मिनिटांत जुने सत्र संपते. बहुतेक स्वस्त राउटरांत घड्याळाची बॅटरी नसल्याने वेळही मागे जाते. सांकेतिक डीएनएस लावलेले असल्यास सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे अवैध ठरतात, वेळ-सर्व्हरचे नावही सापडत नाही आणि सारे ठप्प होते. यासाठी एक वेळ-सर्व्हर अंकी पत्त्याने नोंदवावा. ओएनटी व राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात. छोटा डीसी यूपीएस घेताना दोहोंच्या ॲडॉप्टरवरील अँपिअरची बेरीज पाहावी.

आयपीव्ही६ : येथे प्रत्येक उपकरणाला सार्वजनिक पत्ता मिळतो व नॅट नसते, म्हणजे उरते ती केवळ फायरवॉल. जानेवारी २०११ च्या आरएफसी ६०९२ ने आतून न मागितलेली रहदारी मुळात अडवण्याची शिफारस केली, तरी हे सेटिंग पानावर वेगळे असते व काही उपकरणांत ते बंदच येते. तपासणी करायची तर वाय-फाय बंद करून, आयपीव्ही६ असलेल्या मोबाइल डेटावरून घरातील संगणकाच्या आयपीव्ही६ पत्त्यावरील एखादी चालू सेवा उघडून पाहावी. ती उघडली तर फायरवॉल नाही. मात्र सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपीव्ही६ सरसकट अडवू नये. येथे वाटेतले राउटर पॅकेटाचे तुकडे करत नाहीत, ‘पॅकेट फार मोठे’ असा संदेश पाठवतात. तो पोहोचला नाही तर वर सांगितलेला अर्धवट पानांचा दोष उद्भवतो.

भारत : २.४ गिगाहर्ट्‌झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्‌झचा विस्तृत पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली. तेव्हाच्या एडीएसएल (टेलिफोनच्या तारेवरील) मोडेममध्ये व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ ही जोडणीचा मार्ग ओळखणारी मूल्ये भरावी लागत. मोडेम ब्रिज स्थितीत ठेवून संगणकावरूनच डायल केल्यास सार्वजनिक पत्ता थेट संगणकाला मिळे. तेथे आड असे ती फक्त विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून (ऑगस्ट २००४) मुळातच चालू राहू लागलेली फायरवॉल.