एक फायबर, दोन बँडविड्थ

‘प्रकाशाच्या वेगाने इंटरनेट’ ही जाहिरात निव्वळ दिशाभूल आहे. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, आणि तांब्याच्या चांगल्या केबलमध्ये सिग्नलही जवळपास तेवढ्याच वेगाने धावतो. फायबरची, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूची, खरी ताकद बँडविड्थमध्ये आहे. प्रकाशाची उघडझाप सेकंदाला जास्तीत जास्त किती वेळा केली तर पलीकडे ती स्पष्ट ओळखू येते, हा तो प्रश्न.

मल्टिमोड फायबरचा गाभा बहुधा ५० मायक्रॉन रुंद असतो. त्यातून प्रकाश शेकडो मार्गांनी जाऊ शकतो. या मार्गांना मोड म्हणतात. गाभ्याचा अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती मंदावतो याचं माप) सगळीकडे सारखा आणि आवरणापेक्षा १ टक्क्याने जास्त असेल, तर सरळ आणि तिरक्या मार्गांत किलोमीटरमागे सुमारे ५० नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, पसरते, पुढचीत मिसळते. यावरचा उपाय फार सुंदर आहे: अपवर्तनांक मध्यभागी सर्वाधिक ठेवायचा आणि कडेकडे हळूहळू उतरवायचा. कडेने जाणाऱ्या प्रकाशाला वाट लांब, पण तिथे वेग जास्त. त्यामुळे सगळे मोड जवळपास एकाच वेळी पोहोचतात. गणिताप्रमाणे फरक ०.१ नॅनोसेकंदाच्याही खाली येतो.

मात्र त्यासाठी हा उतार अचूक हवा. काच बनवताना अनेकदा गाभ्याच्या मधोमध अपवर्तनांकात खळगा राहून जातो, आणि मोजमापाची खरी पंचाईत इथेच होते.

मोजायची रीत साधी आहे. अतिशय छोटी पल्स आत सोडायची, बाहेर आलेली पल्स तिच्याशी ताडून पाहायची आणि फूरियर रूपांतराने (सिग्नल वेगवेगळ्या वारंवारतांत सुटा करणाऱ्या गणिताने) वारंवारतेनुसार घट काढायची. उघडझापीची तीव्रता ज्या वारंवारतेला निम्मी होते, ती बँडविड्थ. पण एलईडी सगळे मोड भरतो, तर लेझरचा बारीक ठिपका मोजकेच. तो नेमका खळग्यावर पडला तर पल्स दुभंगू शकते. म्हणूनच संगणक जाळ्यांसाठीच्या १९९८च्या गिगाबिट इथरनेट मानकाने १३०० नॅनोमीटरच्या लेझरसाठी, प्रकाश केंद्रापासून जरा बाजूला सोडणारी खास पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी केबल) सांगितली.

प्रयोगशाळांचे आकडे जुळायचे तर प्रकाश सोडण्याची पद्धतही ठरलेली हवी. एक पद्धत सगळे मोड भरून मोजण्याची. दुसरीत सुमारे ५ मायक्रॉनचा ठिपका केंद्रापासून कडेपर्यंत थोडा थोडा सरकवतात आणि प्रत्येक जागी पल्स कधी पोहोचली ते नोंदवतात. त्या नोंदींवरून प्रत्यक्ष लेझरला मिळणारी बँडविड्थ काढता येते. ओएम३ आणि ओएम४ या मल्टिमोड फायबरच्या दोन प्रती. ८५० नॅनोमीटरला ओएम३ फायबरची किमान बँडविड्थ पहिल्या पद्धतीने १५०० मेगाहर्ट्झ-किलोमीटर (बँडविड्थ गुणिले लांबी), दुसऱ्या पद्धतीने २०००. ओएम४ची ३५०० आणि ४७००. काच तीच, आकडे दोन, आणि दोन्ही बरोबर.

एककातला ‘किलोमीटर’ही जपून वापरावा. वाटेत मोड एकमेकांत मिसळतात, त्यामुळे लांबी दुप्पट झाली की बँडविड्थ नेमकी निम्मी होईलच असं नाही. एका तुकड्यात कडेचे मोड लवकर पोहोचत असतील आणि पुढच्यात उशिरा, तर जोडलेली लाईन भागाकाराने येणाऱ्या आकड्यापेक्षा चांगली निघते.