कार्डावरचे ‘वरचे दोन टक्के’ आले कुठून?

मोबाइलच्या किंवा भांड्यांच्या दुकानात कार्ड पुढे केलं की ‘कार्डावर दोन टक्के जास्त पडतील’ हे आजही ऐकू येतं. या आकड्याचं मूळ एमडीआरमध्ये, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेटमध्ये आहे. कार्ड स्वाइप झालं तरी दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम येत नाही. मशीन देणारी बँक आधी हा दर कापते. त्यातला मोठा वाटा ग्राहकाच्या बँकेला जातो, बाकीचा कार्ड नेटवर्क (व्हिसा, रुपेसारख्या कंपन्या) आणि मशीनवाली बँक यांच्यात वाटला जातो.

सप्टेंबर २०१२ पासून रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डाच्या दरावर मर्यादा घातली: २,००० रुपयांपर्यंत ०.७५ टक्के, त्यापुढे १ टक्का. तरी वरचे पैसे मागणं थांबलं नाही, म्हणून सप्टेंबर २०१३ मध्ये तिने स्पष्ट बजावलं की डेबिट कार्डावर ग्राहकाकडून जादा आकार घेता येणार नाही आणि घेणाऱ्या दुकानाशी बँकेने संबंध तोडावेत. नोटाबंदीनंतर छोट्या रकमांचे दर आणखी उतरले.

आजचा ढाचा १ जानेवारी २०१८ चा. वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर कमाल ०.४० टक्के, तेही एका व्यवहाराला २०० रुपयांच्या आत; त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्के, कमाल १,००० रुपये. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआयवर दर शून्य झाला. त्यामुळे डेबिट कार्डावर दोन टक्के मागणं सरळसरळ चूक आहे. २०,००० च्या खरेदीत छोट्या दुकानदाराचे जास्तीत जास्त ८० रुपये आणि त्यावरचा जीएसटी जातो, मागितले जातात ४००.

क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी. तिथे रिझर्व्ह बँकेची मर्यादाच नाही. दर करारात ठरतो आणि छोट्या दुकानदाराच्या हाती घासाघीस करायला फारसं काही नसतं. तीन-चार टक्के नफ्यावर मोबाइल विकणाऱ्याची तक्रार इथे खरी आहे. समजा दर १.८ टक्के आहे. २०,००० वर ३६० रुपये आणि १८ टक्के जीएसटीचे ६४.८० मिळून ४२४.८० कापले जातात. भरपाईसाठी त्याने २०,४०० स्वाइप केले तर दर वाढीव रकमेवर लागतो, ४३३.३० जातात आणि हाती १९,९६६.७० येतात. म्हणजे वरचे दोन टक्के घेऊनही पुरत नाहीत.

शिवाय बिल २०,००० चं आणि स्लिप २०,४०० ची, हा फरक हिशोबात राहतो. माल परत आला की नेमकी किती रक्कम परत करायची यावरून वाद होतो. जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार विक्रीसोबत घेतलेला असा आकार मालाच्या करपात्र किमतीत धरला जातो, म्हणजे त्या ४०० वरही कर लागतो.

नियमित जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला बँकेने कापलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येतं, म्हणजे तेवढी रक्कम स्वतःच्या भरायच्या करातून वजा करता येते. त्यासाठी बँकेकडे आपला जीएसटी क्रमांक नोंदवलेला हवा. अनेकांचा तो नसतो आणि ते ६४.८० रुपये दर वेळी बुडतात. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या दुकानदाराला हे क्रेडिट मुळातच नाही.