युद्धातून सावरणाऱ्या देशात स्वयंसेवक म्हणून जायचंय? युएनव्हीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

युद्ध थांबल्याची बातमी आली की मदतीला जावंसं अनेकांना वाटतं, आणि ती भावना खरी असते. पण अर्जाची सुरुवात ‘मला जायचंय’ इथून होत नाही. तिथे कोणती जागा निघाली आहे, इथून होते. पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर, मतदार याद्या तयार करणारा, परिचारिकांना शिकवणारी, साठ्याची आणि वाहतुकीची घडी बसवणारा, अशी ठरावीक माणसं हवी असतात.

ही भरती करणारा सगळ्यात मोठा सरळ मार्ग म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, अर्थात युएनव्ही. आमसभेने तो १९७० मध्ये सुरू केला. मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे आणि कारभार युएनडीपीकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडे. कंबोडियात १९९३ साली झालेल्या निवडणुकीची तयारी गावोगावी जाऊन करणाऱ्यांत याच कार्यक्रमाचे शेकडो स्वयंसेवक होते. त्यांच्यातला जपानचा अत्सुहितो नाकाता २५ वर्षांचा होता. ८ एप्रिल १९९३ रोजी काम्पाँग थोम प्रांतात, याच कामावर असताना, त्याची हत्या झाली. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पुढे सुरक्षा आणि वारसाचे जे कागद येतात ते उरकून टाकायचे नसतात, एवढं कळावं म्हणून सांगतो.

कोण अर्ज करू शकतं

वय आणि अनुभव यांवर गट पडतात. १८ ते २६ वयाच्यांसाठी युवा गट आहे. त्यात फार अनुभव मागत नाहीत. वय २७ पूर्ण आणि किमान ३ वर्षांचा अनुभव असेल तर स्पेशालिस्ट. वय ३५ आणि १५ वर्षांचा अनुभव असेल तर एक्स्पर्ट. आंतरराष्ट्रीय जागेवर स्वतःच्या देशात नेमणूक होत नाही. भाषेची अट मात्र नीट वाचा. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात किंवा काँगोत फ्रेंचशिवाय कामच चालत नाही, त्यामुळे तिथल्या जागांना इंग्रजी उत्तम असूनही अर्ज मागे पडतो.

अर्ज आणि कागदपत्रं

युएनव्हीच्या संकेतस्थळावर खातं उघडून प्रोफाइल भरायची, मग एकेका जागेला अर्ज करायचा. प्रोफाइल भरून नुसतं वाट पाहत बसू नका. प्रत्येक जागेचं सविस्तर वर्णन दिलेलं असतं. ते दोनदा वाचा, कारण निवड करणारे तुमची प्रोफाइल त्या वर्णनाशी ओळ न् ओळ ताडून पाहतात.

बहुतेक अर्ज इथेच कच्चे राहतात. ‘आरोग्य शिबिरांत सक्रिय सहभाग’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘१४ महिने, ३ छावण्यांत लसीकरणाची नोंदवही सांभाळली, ६ जणांना नोंदी ठेवायला शिकवलं’ असं लिहिलं की समोरच्याला तुमचं काम दिसतं. अनुभव प्रमाणपत्राचंही तसंच. ‘काम समाधानकारक होते’ एवढंच असलेलं पत्र परत करून, कामाचं स्वरूप आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काम केलं हे लिहिलेलं पत्र मागून घ्या. संकोच करू नका.

बाकीची फाइल आधीच तयार ठेवा: मुदत भरपूर शिल्लक असलेला पासपोर्ट, पदवी किंवा पदविकेची प्रमाणपत्रं, तुमच्या कामाबद्दल सांगू शकतील अशा वरिष्ठांची नावं आणि संपर्क, पोलिसांकडचा चारित्र्य दाखला, रक्तगटाची नोंद. डॉक्टर, नर्स असाल तर नोंदणीचं चालू प्रमाणपत्रही लागेल. पीतज्वराची लस अनेक आफ्रिकी देशांत प्रवेशालाच लागते. तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, म्हणून तिकीट आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

निवड झाल्यावर

मुलाखतीत ‘काय कराल’ यापेक्षा ‘असं झालं होतं तेव्हा काय केलंत’ हे विचारतात. दोन-तीन खरे प्रसंग, त्यातल्या चुकांसकट, आठवून ठेवा. निवड झाली की वैद्यकीय तपासणी, व्हिसा, करार आणि वारसाचं नाव नोंदवणारा फॉर्म येतो. हा फॉर्म घरच्यांना शेजारी बसवून भरा. निर्वाह भत्ता, प्रवासखर्च आणि विमा मिळतो. भत्ता ठिकाणानुसार बदलतो आणि तो पगार नसतो. अनेक ठिकाणी कुटुंबाला सोबत नेता येत नाही, हे करारावर सही करण्याआधी घरात बोलून घ्या.

बी-सेफ हे सुरक्षा प्रशिक्षण ऑनलाइन आहे, मोफत आहे आणि सक्तीचं आहे. धोक्याच्या ठिकाणी पोचल्यावर प्रत्यक्ष मैदानी प्रशिक्षणही होतं. भूसुरुंगांचे धोके त्यात शिकवतात. अफगाणिस्तानात रस्त्याकडेला लाल रंगवलेले दगड दिसले तर पलीकडे सुरुंग आहेत. पांढरे दिसले तर ती जमीन साफ केलेली आहे. ही खूण अंगवळणी पडेपर्यंत गिरवा.

कुठल्याही टप्प्यावर युएनव्ही पैसे मागत नाही. ‘प्रोसेसिंग फी’ मागणारा माणूस फसवतोय, संवाद तिथेच थांबवा. पैसे भरून, टुरिस्ट व्हिसावर दोन आठवडे अनाथालयात नेणाऱ्या सहलींपासूनही दूर राहा. कंबोडियात अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं होतं. पाहुण्यांच्या पैशासाठी मुलं घरापासून तोडली जातात. हे मला कुठल्याही कारणाने समर्थनीय वाटत नाही.

पहिल्याच अर्जात निवड झाली नाही तर युएनव्हीचंच ऑनलाइन स्वयंसेवेचं दालन बघा. वय १८ पूर्ण हवं, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम असतं. भाषांतर, नकाशे, अहवालांची मांडणी अशी कामं घरून करता येतात, आणि त्यांचा अनुभव पुढच्या अर्जात तारखांसकट लिहिता येतो.