बत्तीस लाँग: एका दुर्लक्षित काडतुसाची बाजू

निवडणूक जाहीर झाली की गोव्यातल्या परवानाधारकांना आपापली हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. काजूच्या बागायतीत वानरं आणि रानडुकरं धुडगूस घालत असतात आणि नेमकी तेव्हाच बंदूक हातची जाते, म्हणून शेतकरी कुरकुरतात. ते रास्तच आहे. अशाच एका दिवशी काकांना घेऊन मी फोंड्याला गेलो होतो. त्यांचं जुनं बत्तीस बोअरचं (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) रिव्हॉल्व्हर टेबलावर आलं तेव्हा रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "हे तर खेळणं! घ्यायचं तर नाइन एमएम."

नाइन एमएम, म्हणजे नऊ मिलिमीटरचं पिस्तूल, आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळत नाही. पण ते सोडा. 'बोअर मोठा तर काडतूस भारी' हा समज इतका पक्का आहे की काकांच्या रिव्हॉल्व्हरच्या बत्तीस लाँगसारख्या गुणी काडतुसाकडे कोणी धड बघतच नाही. त्याची बाजू मांडावी असं त्या दिवसापासून मनात होतं.

'काडतूस' हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाला, 'पिस्तूल'ही त्यांच्याकडूनच. बत्तीस लाँग मात्र अमेरिकन. स्मिथ अँड वेसन कंपनीने ते १८९६ साली आणलं. पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणारी धातूची नळी, साधारण २३ मिलिमीटर लांब. गोळी प्रत्यक्षात ७.९ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे ०.३१२ इंच. नावातला बत्तीस हा आकडा काटेकोर मापाचा नाही, ढोबळ आहे. पिस्तुलातलं 'बत्तीस', म्हणजे ७.६५ मिलिमीटरचं ब्राउनिंगचं काडतूस, हे पूर्ण वेगळं. दोन्हींना आपल्याकडे सर्रास 'बत्तीस'च म्हणतात, पण ती एकमेकांच्या जागी वापरायची नसतात.

आता थोडं शाळेतलं गणित. नेमबाजीच्या बत्तीस लाँगची गोळी ६.४ ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने निघते. संवेग झाला साधारण १.५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. नाइन एमएमची ८ ग्रॅमची गोळी ३५० मीटरने जाते, तिचा संवेग २.८. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच संवेग उलट दिशेने पिस्तुलाला मिळतो. पिस्तूल एक किलोचं धरलं, तर त्याची मागे येण्याची ऊर्जा बत्तीसमध्ये १.१ जूल आणि नाइन एमएममध्ये ३.९ जूल. संवेग दुपटीलाही पोचला नाही, पण धक्क्याची ऊर्जा साडेतीन पट झाली, कारण ऊर्जा वर्गाने वाढते. (दारूच्या वायूंचा वाटा इथे सोडून दिला आहे.) हात हा धक्का लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी बोट घोड्यावर दाबलं जातानाच मनगट दचकतं आणि नेम तिथेच जातो.

म्हणून २५ मीटर सेंटर फायर (तळाच्या मध्यभागी घाव बसून पेटणाऱ्या काडतुसांच्या) पिस्तूल स्पर्धेत हे 'खेळणं' जगभरच्या नेमबाजांच्या हातात दिसतं. तिथे संथ फेरीत दहा गुणांचं वर्तुळ फक्त पाच सेंटिमीटर व्यासाचं असतं. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत भारताच्या जसपाल राणाने ६०० पैकी ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली, ती याच प्रकारात. या स्पर्धांची गोळी टोकदार नसते. सपाट तोंडाची आणि जवळजवळ पूर्ण पुंगळीत बुडालेली असते, तिला वॉडकटर म्हणतात. टोकदार गोळी कागद फाडते. ही कागदात पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे भोक रेषेला शिवलं की नाही याचा वाद राहत नाही.

याच हिशेबात सिनेमातली एक थापही उघडी पडते. पडद्यावर गोळी लागलेला माणूस उडून भिंतीवर आदळतो. १.५ चा संवेग ७० किलोच्या माणसाला दिला, तर त्याला वेग मिळेल सेकंदाला दोन सेंटिमीटर. नाइन एमएमने चार. गोळी जीव घेते, पण माणसाला उडवत नाही.

मला मात्र गोळीपेक्षा पुंगळीचं जास्त अप्रूप आहे. घरात चतुर्थीच्या आधी चिंचेने घासून लख्ख करतात त्या समईची आणि हिची जात एकच, पितळ. पुंगळीच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. पुंगळीच्या तळाच्या मध्यभागी बसवलेल्या टोपीवर घाव बसला की दारू पेटते आणि एका मिलिसेकंदाच्या आत आतला दाब वाढत जातो. बत्तीस लाँगसाठी दाबाची मर्यादा १००० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या हजारपट. (नाइन एमएमसाठी ती २३५०.) या दाबाने पुंगळीची पातळ भिंत फुगून, काडतूस बसतं त्या खोबणीच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटते. वायूला मागे वाट राहत नाही, तो गोळीलाच ढकलतो. गोळी बाहेर पडली की दाब ओसरतो, पुंगळी आकसते आणि बोटाने ढकलली तरी सुटून येते.

ती आकसते का? पितळेचा यंग गुणांक, म्हणजे ताणलं जाण्याला धातू किती विरोध करतो त्याचं माप, सुमारे ११० गिगापास्कल, पोलादाचा २००. सारखाच ताण दिला तर पितळ जवळजवळ दुप्पट ताणलं जातं आणि ताण काढल्यावर तेवढंच मागेही येतं. ओढून कडक केलेलं पितळ कायमचं वाकण्याआधी ०.३ ते ०.४ टक्के ताणलं जाऊ शकतं. साधं मऊ पोलाद याच्या निम्म्यावरच हार मानतं. पुंगळीचा व्यास साडेआठ मिलिमीटर धरला तर ही माघार भरते ०.०३ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीची फट. तेवढी फट पडते म्हणून पुंगळी सुटते, नाही तर प्रत्येक बारानंतर ती ठोकून काढावी लागली असती. बत्तीस लाँगचा दाब मुळात कमी, त्यामुळे कधी कधी तोंडाजवळची भिंत पुरेशी फुगत नाही आणि थोडा वायू बाजूने निसटतो. वापरलेल्या पुंगळीवर एका अंगाला काजळीची रेघ दिसते, ती त्याचीच.

पण हे पितळ एका गोष्टीला घाबरतं. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ऋतूप्रमाणे घडतं म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. काडतुसं तबेल्यांत ठेवलेली असत, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया हा खरा गुन्हेगार होता. याचा उलगडा ब्रिटिश संशोधकांनी १९२१ साली केला. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातला की गडद निळा रंग येतो, हा प्रयोग आपण शाळेत केला आहे. दमट हवेत तोच अमोनिया पितळेतलं तांबं असंच विरघळवतो, आणि तेही स्फटिककणांच्या सीमांवरून. पुंगळी ओढून घडवताना धातूत ताण उरलेला असतो, शिवाय आत घट्ट बसवलेली गोळी तिचं तोंड सतत फाकवत असते. सीमा कुरतडल्या गेल्या की तो ताण भेग उघडत नेतो. उपाय सोपा निघाला: घडवून झाल्यावर पुंगळी २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवायची. कडकपणा टिकतो, उरलेला ताण निघून जातो.

काकांची जुनी काडतुसं पत्र्याच्या डब्यात, गोठ्याला लागून असलेल्या कोठीत, कैक पावसाळे पडून होती. त्यातली दोन वाजली नव्हती. राखणदाराचा नारळ चुकला म्हणून असं झालं, असं घरात बोललं गेलं आणि नारळ दिलाही गेला. राखणदारावरची श्रद्धा ज्याची त्याने जपावी, पण काडतुसाचं निदान तिथे करू नये. मी उरलेली काडतुसं खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरली. टोप्यांभोवती हिरवा थर होता, आणि चार पुंगळ्यांच्या तोंडापासून खाली उतरणारी, काळ्या दोऱ्यासारखी उभी भेग होती. नखाला जेमतेम जाणवणारी.

ती चारही काडतुसं, न वाजलेल्या दोहोंसह, मोजून आणि नोंद करून आम्ही ठाण्यात दिली. नवी पेटी आता गोठ्यापासून लांब, माडीवरच्या पोलादी कपाटात कुलपात असते, आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या काका दर मृगाला न चुकता बदलतात.